फक्त अण्णांना दिसणारं पान

गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत भाजणी भाजायला घेतली की शेजारपाजारचे दारातून विचारत, "कालिंदीकाकू, चकलीची का थालीपिठाची?" सुनेने, मनवाने, या भाजणीची वेबसाइट काढली तेव्हा सासऱ्यांनी, अण्णांनी, एकच हट्ट धरला: पहिलं पान मी लिहिणार. कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहिलेल्या माणसाने आठवडाभर खपून ते लिहिलं. गुहागरहून आलेली आजी, तिचं जातं, कोणतं धान्य आधी भाजायचं, सगळं.

लोक येत, पण मागवत कमीच. म्हणून मनवाने, वेबसाइटवर आलेला माणूस कुठे थांबतो आणि कुठून निघून जातो हे दाखवणारं एक साधन बसवलं. दुपारी जेवणं आटोपून ती बघायला बसली. लोक आजीच्या जात्यापर्यंत येत होते आणि तिथूनच परत जात होते. भाजणीचं पाकीट लेखाच्या पार तळाशी. ते कुणाला दिसतच नव्हतं.

तिने दुसरं पान केलं. वर पाकिटाचा फोटो, खाली 'मागवा'. निम्म्या लोकांना जुनं पान, निम्म्यांना नवं. थोड्याच दिवसांत सासूबाईंना माळ्यावरून दुसरी कढई काढावी लागली.

अण्णांना सांगणार कोण? वरद, तिचा नवरा, म्हणाला, सांगून टाक. स्वतः मात्र पेपरातून डोकं वर काढलं नाही. त्या साधनात एखाद्या मोबाइलला ठरावीक पानच दाखवायची सोय होती. मनवाने अण्णांचा मोबाइल जुन्या पानाला बांधला आणि बाकी सगळ्या जगाला नवं पान दिलं. चहा उकळेपर्यंत काम झालंसुद्धा.

त्यानंतर अण्णा रोज सकाळी दूध तापवता तापवता आपलं पान उघडत. मनवाला ते तिच्या लॅपटॉपवर दिसे: जुन्या पानावर वाचक एक. हा वाचक शेवटच्या ओळीपर्यंत जाई. जेवताना अण्णा म्हणत, खप वाढलाय म्हणजे लोक वाचतायत. मग मनवा आमटी वाढायला उठे, कुणालाच नको असताना.

परवा अण्णा दादरला लवूकडे, कचेरीतल्या जुन्या मित्राकडे, गेले होते. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, पाणी प्यायले.

"लवूच्या मोबाइलवर नुसतं पाकीट येतंय."

मनवा नेटवर्कचं काहीतरी सांगायला लागली. अण्णांनी तिला पुरं करू दिलं. मग म्हणाले, खाली वाण्याच्याही मोबाइलवर पाहिलं. तिथेही पाकीटच.

"लोक वाचत नव्हते का?"

"नाही, अण्णा."

"मग काढलंस ते बरोबर केलंस. मला का दाखवत राहिलीस?"

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, हे उत्तर तिने कधीपासून तयार ठेवलं होतं. आता ते जिभेवर आलं आणि खोटं वाटलं. त्यांचा पडलेला चेहरा तिला बघायचा नव्हता, एवढंच खरं होतं.

"तुम्हाला सांगायचं टाळलं मी," ती म्हणाली.

"लवूला मी तासभर सांगत होतो, तुझाच मोबाइल बिघडलाय म्हणून." अण्णांनी आपला मोबाइल तिच्यापुढे ठेवला. "सगळ्यांना दिसतं तेच मलाही दाखव."

त्यांच्यासमोर बसूनच तिला ते करावं लागलं. पाकीट आलं. अण्णांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"फोटो बरा आलाय," ते म्हणाले, आणि कालिंदीबाईंनी चाळायला काढलेली भाजणी पुढ्यात ओढून चाळत बसले. मनवा दुसरी चाळण घेऊन शेजारी बसली, तर त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली नाही, पण सरकून जागाही केली नाही.