बाबा कयाकमध्ये उभे राहिले

कोकणातल्या खाडीत पंधरा दिवस कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, चालवायला शिकून मी गावी परतले, तेव्हा बाबांना सांगितलं की तिकडचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. बाबा हसले. आपल्या तलावाचं पाणी वर्षातून एकदाच कालव्यानं जातं आणि पावसाशिवाय परत येत नाही, हे त्यांना जास्त शिस्तीचं वाटत होतं.

अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी हा तलाव आहे. भिंतीकडे मोकळं पाणी, मागच्या अंगाला नुसती दलदल: डोक्यावर गेलेलं पाणकणसाचं रान आणि त्यातून जाणाऱ्या अरुंद वाटा. हिवाळ्यात पक्षी उतरले की अमरावती-अकोल्याची माणसं येतात, भिंतीवरून दुर्बिणीनं ठिपके बघतात आणि परत जातात. आम्हा भोयांना मात्र ती दलदल म्हणजे जाळी फाडणारी कटकट. पिकतं तिथं विकत नाही, ते काही खोटं नाही.

मला या पक्षी बघणाऱ्यांना कयाकमधून आत न्यायचं होतं. ग्रामपंचायतीनं चार कयाक आणल्या होत्या, पण त्या समाजमंदिरात पडून होत्या आणि कुणीतरी त्यांत सोयाबीनचे कट्टे ठेवले होते. तलाव मच्छीमार सोसायटीकडे, सोसायटीचे अध्यक्ष बाबा, आणि पाहुणे जाळी तोडतील हे बाबांचं पक्कं मत. महिनाभर मी भुणभुण केली. शेवटी एकदा बसून बघा, मग खुशाल नाही म्हणा, एवढ्यावर ते तयार झाले. ते नाही म्हणाले असते, तर मला पुन्हा अकोल्यातल्या मोबाइलच्या दुकानात उभं राहावं लागलं असतं.

ठरलेल्या सकाळी सोसायटीची सात-आठ माणसं काठावर गंमत बघायला जमली. मी लाइफ जॅकेट पुढे केलं.

"माशाले पोवनं शिकवून राहिली काय?" बाबा म्हणाले.

ते घातल्याशिवाय मी वल्ह्याला हात लावणार नाही म्हटलं. चारचौघांत पोरीशी कोण हुज्जत घालणार, म्हणून त्यांनी घालू दिलं. पट्टे मीच आवळले. ते पुढे बसले, मी मागे.

आम्ही कणसात शिरलो. एक जांभळी पाणकोंबडी अगदी जवळ चरत होती, ती उडालीच नाही. बाबा तिच्याकडे मान वळवून बघत राहिले. मला वाटलं, जमलं.

वाट मोकळ्या पाण्याला लागते तिथं त्यांचं जाळं होतं. बसून ते नीट दिसेना, तसे बाबा उभे राहिले. आमच्या डोंग्यात माणूस उभाच असतो, बांबूनं रेटत. प्रत्येक पाहुण्याला 'उभं राहू नका' सांगायचं, हे मी घोकून आले होते. पण बाबांना पाण्यातलं काय सांगायचं, म्हणून सांगितलं नव्हतं. कयाक उलटली.

मी वर आले तर काठावरून हसणं ऐकू येत होतं. मला रडू यायला लागलं. मनानं मी दुकानाच्या काउंटरमागे पोचलेच होते. बाबा मात्र पाण्यात हात घालून काहीतरी सोडवत होते. त्यांचा पाय त्यांच्याच जाळ्यात गुंतला होता. पट्टीचा पोहणारा जातो तो असाच. माझा काका याच तलावात असा गेला. जितका धडपडला, तितकं जाळं आवळत गेलं. बाबा धडपडत नव्हते. जॅकेटनं त्यांना वर धरलं होतं आणि ओट्यावर बसल्यासारखे ते एकेक पीळ उकलत होते. पाय सुटला तरी ते निघेनात, तसेच तरंगत राहिले.

"असे किती हायेत तुयाजवळ?" त्यांनी विचारलं.

आठ, मी म्हटलं.

"पहाटं जाळे उचलाले आमी घालून जाऊ. आमी परत आलो का मंग तुये पाहुणे आनजो." मग काठाकडे न बघता हळूच म्हणाले, "तो गेला तवा पंचवीस वर्साचा होता वं."

त्या सकाळीला आता तीन हिवाळे झाले. सकाळी आठला मला आठही जॅकेटं ओली मिळतात. पाहुणे नाक मुरडतात, याला मासळीचा वास येतो म्हणतात. मी म्हणते, यायलाच पाहिजे.