एक बादली, वीस खाटा

त्या दिवशी असं धुकं होतं, की बाजारातल्या एवढ्या मोठ्या कमानिया गेटपाशी उभा राहूनही मला कमानिया गेट दिसेना. तसाच चाचपडत ड्यूटीवर पोचलो. अस्पतालात तीस वर्षं पोछा मारला. किस्से मैल्या चादरींसारखे साचत गेले, धुवायला कोणी नेलेच नाहीत. आता मी सांगतो, सून लिहून घेते.

तर त्या धुक्याच्या दिवसांत अस्पतालात इन्फेक्शन रोखायचे नियम बनवून राहिले होते. पद्धत अशी, की मोठमोठ्या डॉक्टरांनी समोरासमोर भांडायचं नाही. ज्यानं त्यानं बिननावाच्या कागदावर मत लिहायचं. सगळ्यांची मतं सगळ्यांना दाखवायची, मग पुन्हा लिहायचं. एकमत होईपर्यंत!

कागद गोळा करायला सिस्टर मॅडमनं मला निवडलं. मी फुगलो. घरी सांगितलं, "माझ्यावर भरोसा हाये त्यांचा!"

दुसऱ्या दिवशी मॅडमला विचारलं, "मीच काहून?"

"किसनजी, तुम्हाला वाचता येत नाही न!"

*

हात किती वेळ धुवायचे? एका डॉक्टरांनी लिहिलं जास्त, दुसऱ्यांनी कमी. दोघांनी एकमेकांचं मत वाचलं, दोघांनाही पटलं, दोघांनीही आपलं बदललं. पुन्हा वेगळेच!

मॅडमनं कपाळाला हात लावला. मी पुन्हा जिने चढलो.

*

शेवटी सगळ्यांना एकत्र बसवलं. दोन तास हात धुण्यावर बोलले. समोसे आले अन् सगळे हात सरळ प्लेटीत! मला हसू आवरेना.

मॅडम म्हणाल्या, "हसता काय? समोसे वाटले कोणी?"

मीच. पोछा ठेवून तसाच आलो होतो.

*

मग प्रश्न निघाला, एका बादलीत किती खाटा पुसायच्या? मोठे साहेब म्हणाले, "जो पुसतो त्यालाच विचारा."

आमच्या शेजारच्या भाऊरावच्या बायकोचं, सुमनचं, सोमवारी ऑपरेशन होतं, अन् मग खाट आमच्याच वार्डात. माझ्या मनात तेच. म्हणालो, "दर खाटेला नवं पाणी, नवं कापड."

सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्यांदा एकमत!

"शाब्बास किसनजी! आतापर्यंत कसं करत होता?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलणं जमलं नाही. "एकच बादली, साहेब. पहिल्या खाटेपासून विसाव्या खाटेपर्यंत. शेवटी पाणी चहासारखं होते."

समोसे तिथंच थंड झाले.

*

संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात, दीक्षितपुऱ्यात, भाऊराव ओट्यावर भेटला. त्याला सगळं सांगितलं, चहासारख्या पाण्याचंही. म्हटलं, "सोमवारपासून नियम लागू. तू काळजी करू नको."

तो मग म्हणाला, "चलो, चांगलंच झालं. पण काका, सुमनला पहिली खाट पाहून द्याल न?"