करीच्या सकाळचं नापास दूध

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, दूध संकलन केंद्रावर भर रांगेत माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या चुलतीला, भेसळवाली ठरवलं गेलं. तिच्या कॅनमधल्या दुधात बुडवलेल्या तपासणीच्या पट्टीनं जनावराला दिलेल्या औषधाचा अंश दाखवला. केंद्रचालकानं फळ्यावर खडूनं तिचं नाव लिहिलं, पुढे 'भेसळ'. दूध घेणं बंद!

कॅन अडवला, ते बरोबरच केलं. मोठ्या टाकीत गेलं असतं तर गावभराचं दूध ओतून द्यावं लागलं असतं. पण भेसळ? तेल्हाऱ्याकडच्या त्या गावात कॅन उकळत्या पाण्यानं दोनदा धुणारी ही बाई!

कळल्यावर मी अकोल्याहून बस धरली. मोर्चे-पत्रकं हे माझं नेहमीचंच; केंद्राच्या निषेधाच्या पत्रकाचा मजकूर वाटेतच तयार झाला.

"माह्या म्हशीले सुई लागलीच नाई," मोठी आई म्हणाली. "अन् लोकं मले पाहून हासून राहिले."

"मी पत्रक छापते."

"छाप. दूध कोन घेईन, तुहं पत्रक?"

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. सगळं ऐकून त्यांचा चेहराच उतरला. पोळ्याच्या खिरीसाठी त्यांनी आमच्याकडून तांब्याभर दूध नेलं होतं. करीच्या सकाळी आपल्या गाईचं तेवढंच दूध परत आणलं, आणि मोठ्या आईनं ते कॅनमध्ये ओतलं. काकूंच्या गाईची कास सुजलेली, तिला इंजेक्शनं चालू.

"डाक्तरनं डेअरीत घालू नोका म्हनलं, मी नाई घातलं," काकू म्हणाल्या. "उसनं फेडू नोका, असं थोडीच म्हनलं!"

"अन् घरी चालते होय?" मी भडकले.

"आमी तं चहा करून राहिलो व त्याचा!"

मोठी आई खो खो हसली. माझा राग तिथंच अर्धा झाला.

दुसऱ्या सकाळी केंद्रचालकाला कुरकुरत का होईना, गोठ्यात आणलं. मोठ्या आईनं त्याच्यासमोर धार काढली. नमुना त्यानंच केंद्रावर नेला, रांगेसमोर पट्टी बुडवली. पट्टी साफ!

मोठ्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते. ती म्हणाली, "आता फळा पुस, बाबू."

"पुसतो ना, सांजच्याले."

"आताच."

त्यानं पुसला. मग तिनं आपला कॅन पुढे सरकवला आणि त्यानं तो घेतला. इतकं हलकं मला कुठल्या मोर्च्यानंतरही वाटलं नव्हतं.

तुमच्या जनावराला इंजेक्शन दिलं असेल तर शेजारीपाजारी आजच सांगा. आणि उद्या केंद्रावर विचारा: पट्टी नापास आली, तर फळ्यावर नाव लिहिण्याआधी गोठ्यातून दुसरा नमुना घेणार का? चालक हो म्हणेपर्यंत कॅनचं झाकण उघडू नका.