मास्तरांच्या वहीतला शब्द
संत्र्याच्या सालीचा वास आला की मला ते मास्तर आठवतात. इंग्रजी अमलात मी शेंदूरजनाघाटची संत्री अमरावतीच्या बाजारात विकत असे. पुण्याहून आलेले ते शाळामास्तर माझ्या ढिगाशेजारी बसून वऱ्हाडी शब्द वहीत उतरवत. टोंगळा म्हणजे गुडघा, उलीसक म्हणजे थोडंसं, असं सांगितलं की खळखळून हसत. मला ती माझ्या बोलीची थट्टा वाटे. एकदा त्यांनी विचारलं, "म्हाताऱ्या बाईला मानानं काय म्हणतात?" आमच्याकडे वेडगळ माणसाला भैताड म्हणतात. मी गंभीरपणे सांगितलं, "भैताड म्हना, मास्तर. मोठा मान हाये त्यात." त्यांनी ते लिहून घेतलं आणि शेजारच्या फुलवाल्या म्हातारीला हात जोडून म्हणाले, "भैताड, एक हार द्या." सारा बाजार हसला. म्हातारी मात्र माझ्याकडे वळली. "पाहुन्याले असं शिकवतं काय रे? लाज नाई वाटत तुले?" मास्तर लालबुंद झाले. त्यांनी म्हातारीची माफी मागितली, वहीतला अर्थ खोडला आणि रोजच्यासारखी पिशवी माझ्यापुढे धरली. "तुम्हीच निवडून द्या," म्हणाले. त्यांच्या हसण्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पण संत्रं सोलताना आधी आठवते ती पुढे धरलेली पिशवी, आणि मान खाली जाते.