उजव्या हाताचे दोन तास

मुलगी सहा महिन्यांची झाली तरी तिच्या उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. खुळखुळा उजवीकडे धरला तरी ती अख्खं अंग वळवून डाव्या हातानंच घ्यायची. सासूबाई म्हणाल्या, "डावखुरी असन. माया भाऊबी तसाच हाय." मला ते ऐकून बरं वाटलं आणि मी आणखी दोन महिने गप्प बसले. ते दोन महिने अजून माझ्या मनातून जात नाहीत.

मग आम्ही सेलूहून बसनं वर्ध्याला आणि तिथून ऑटोनं सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. मेंदूचा फोटो निघाला. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवून सांगितलं, की ही पोटात असतानाच मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता, म्हणून शरीराची उजवी बाजू, हात आणि पायही, कमजोर आहे.

"म्हणजे लकवा?" नवऱ्यानं विचारलं.

"तसंच समजा."

"पोटातल्या लेकराले?"

त्या हो म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तुमच्यामुळे झालेलं नाही." मी विचारलं नव्हतं. पण परतताना बसमध्ये मी स्वतःला तेच विचारत होते. सातव्या महिन्यात पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलला होता, ते? तापाची गोळी घेतली, ते?

त्यानंतर सुरू झाला व्यायाम. सकाळी पायाची पोटरी ताणायची, आंघोळीनंतर हाताची बोटं एकेक करून उघडायची, संध्याकाळी पुन्हा तेच. दर आठवड्याला सेवाग्रामची वारी. मी घरी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकाला आज देते म्हणायचं आणि परवा द्यायचं, अशी सवय मला त्याच वर्षांत लागली. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो व्यायामाच्या वेळी घराबाहेर जायचा. "मले नाई पाहवत तिचं रडणं," म्हणायचा. मला पाहवत होतं, असं त्याला का वाटायचं कोण जाणे.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी नवीन उपाय सांगितला. रोज दोन तास चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे उजव्या हाताला काम करावंच लागेल. मी नवऱ्याचा जुना मोजा तिच्या डाव्या हातावर चढवून मनगटाशी नाडीनं बांधायची आणि समोर ताटलीत फुटाणे ठेवायची. ती एक उचलायची, तो पडायचा. पुन्हा उचलायची. एकदा वैतागून तिनं ताटलीतच तोंड घातलं आणि वासरासारखं खाता खाता माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. असे दिवस थोडे होते.

"काऊन बांधते व लेकराचा हात?" सासूबाई रोज विचारायच्या. "पाह्य कशी रडून राह्यली!"

एका दुपारी एका बाईंचा लग्नातला ब्लाऊज त्याच दिवशी द्यायचा होता. मुलगी मोजा चढवू देईना. कसाबसा बांधला, तर तिनं ताटली पायानं उडवली. फुटाणे सगळ्या खोलीभर, शिलाई मशीनखालीसुद्धा. मी उठले आणि तिच्या हातावर फटका मारला. उजव्या हातावर.

ती रडली नाही. मोज्यात बांधलेला डावा हात तिनं उजव्या हातावर ठेवला आणि तो झाकून बसून राहिली.

मी नाडी सोडली. ब्लाऊज त्या दिवशी झाला नाही.

पुढच्या खेपेला मी ताईंना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?" मला आठवेना. त्या म्हणाल्या, "आठ दिवस हात बांधू नका. आणि पुढच्या वेळी हिला घेऊन हिच्या बाबांना पाठवा. एकट्यांना."

नवरा कुरकुरत गेला. परत आल्यावर सांगितलं, की ताईंनी अख्खा व्यायाम त्याच्याकडूनच करून घेतला. मग म्हणाला, "तू रोज करते हे?" मी म्हटलं, "रोज." दुसऱ्या दिवसापासून सकाळचा व्यायाम तो करू लागला. त्याच्या हाताला माझ्यासारखी सफाई नाही, आणि जिनिंगचा हंगाम असला की त्याचे खाडे होतात. पण त्या अर्ध्या तासात मी चहा बसून पिते.

आता ती नऊ वर्षांची आहे. पायाला प्लास्टिकचा आधार लावून चालते, धावतेसुद्धा, जरा तिरकी. डाव्या हातानं लिहिते आणि उजव्या हातानं वही दाबून धरते. वेणी मीच घालते. शाळेत कुणी विचारलं तर सांगते, "मले पोटात असतानाच लकवा झालता," आणि खेळायला पळते.

ताई म्हणतात, उंची वाढेल तशी पोटरी आखडत जाईल, म्हणून ती मोठी होईपर्यंत ताणणं सोडायचं नाही. गेल्या महिन्यात तिनं दाराच्या चौकटीशी उभं राहून पेन्सिलनं खूण केली आणि ओरडली, "आई, पाह्य किती वाढली मी!" मी म्हटलं, "हो ना, उंच झाली." मग तिला चटईवर निजवलं आणि तिची टाच हातात घेतली.