हळदीच्या रानातली मोजणी

अवकाशविज्ञान आणि व्यवस्थापन, दोन्ही एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमात. हे सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात कुणाला समजावायचं म्हणजे निव्वळ डोकेफोड. माझे सख्खे काका पारावर सांगायचे, "आमची पोरगी चंद्रावर मॅनेजर होऊन राहिली." लोक खो-खो हसायचे. मला ते हसणं झोंबायचं.

माझा प्रकल्प साधा होता. उपग्रह वरून जमिनीतली ओल टिपतो. तो जातो त्याच सकाळी खाली रानात ओल मोजायची आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. मी आमचंच हळदीचं रान निवडलं. वडील आणि काकांचं सामाईक, वडिलोपार्जित रान, त्यात विचारायचं काय? 'काम सुरू करण्याआधी संबंधितांना विश्वासात घ्या,' हे नेतृत्वाच्या तासाला घोकलं होतं, गुणही चांगले मिळवले होते. घरात मात्र कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही.

दोन दिवस आधी बांधाबांधानं फिरून, ओल मोजायच्या जागांवर खुणेच्या वीस खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी बघते तर सगळ्या उपटून आमच्या दारात टाकलेल्या. काका खाटेवर बसलेले.

"मोजणी करून राहिली व्हय?"

"काका, ओल मोजायची हाय. जमीन न्हाई."

"आमाला शिकवू नको. हिस्सा मागाय आली तू, दुसरं काय!"

आमच्याकडे लेकी हक्कसोडपत्रावर सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. माझ्या दोन्ही आत्यांनी केली होती. बांधावर फिरणारी लेक म्हणजे वाटणी मागणारी लेक, ही काकांची पक्की समजूत.

मोजायच्या दिवशी सकाळीच ते टाईप केलेला कागद घेऊन आले. "यावर सही कर, सोमवारी रजिस्टरला चल. मंग दिवसभर मोज तुही ओल."

उपग्रह दहाच्या सुमारास जाणार होता. परत यायचा तो बारा दिवसांनी, तोवर हळद खणून सगळं रान उलथलेलं असणार, मोजून उपयोग नाही. म्हणजे माझं सत्र वाया. मी वडिलांकडे पाहिलं. मोठ्या भावापुढं आयुष्यात मान वर न केलेला माणूस. त्यांनी खिशातला पेन काढला, टोपण काढून माझ्यापुढं धरला.

"कर बाई सही. तुला काय करायची जमीन?"

मला खरंच काही करायची नव्हती. काकांनी खुंट्या उपटेपर्यंत त्या रानात माझा हिस्सा आहे, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. पण तो पेन बघितला आणि मला वडिलांचा जितका राग आला, तितका काकांचाही आला नव्हता.

मी सही केली नाही. दहा वाजून गेले, मी ओसरीवरच बसून होते. पुढच्या आठवड्यात जीपनं सेनगावला गेले, वकील गाठला आणि वाटणीचा दावा लावला. नोटीस आली तेव्हा काका गावभर म्हणत फिरले, "म्या म्हणलंच व्हतं."

नोटिशीत प्रतिवादी म्हणून पहिलं नाव त्यांचं होतं. दुसरं माझ्या वडिलांचं.