उत्तराची जागा

फोन रेखावहिनीचा होता. "गेले वं हे," एवढंच म्हणाली. मी खामगावच्या माझ्या औषधाच्या दुकानात होते. शटर ओढलं आणि मोताळ्याची बस धरली. त्याला आता महिना होत आला.

दिवाकरदादा माझा मावसभाऊ. मुलांसाठी पुस्तकं लिहायचा आणि टीव्हीवरच्या शाळेच्या कार्यक्रमात शिकवायचा. एखादी वस्तू दाखवायची, "हे काय आहे, सांगा बरं?" विचारायचं आणि कॅमेऱ्याकडे बघत गप्प राहायचं, ही त्याची पद्धत. निर्माते वैतागायचे, लोकांना टीव्ही बंद पडल्यासारखं वाटतं म्हणायचे. "तिकडे पोट्टं विचार करून राह्यलं असते, त्याले टाइम तं द्या," दादा ऐकवायचा. पुस्तकातही प्रश्नानंतर तो एक पान कोरं सोडायला लावायचा. प्रकाशक कागद वाया जातो म्हणून कुरकुरायचे. मुलं त्या पानावर मनाला येईल ते काढायची, आणि अशी रंगलेली पुस्तकं पाहून दादा खूश व्हायचा.

शेवटच्या वर्षी अर्धांगवायूने त्याची वाचा गेली. सगळं कळायचं, पण शब्द बाहेर येत नव्हता. भेटायला येणारे विचारत सुटायचे, "पाणी पाह्यजे? पंखा लावू? झोपता का?" तो ओठ जुळवेपर्यंत पेला तोंडाला लागलेला असायचा.

डॉक्टरांनी बोलण्याचा सराव सांगितला होता. मी मोबाईलवर त्याच्याच कार्यक्रमाचा जुना भाग लावला. पोरांना जमतं ते त्यालाही जमेल, असा माझा सरळ हिशोब. पडद्यावरच्या काळ्याभोर केसांच्या दादाने तळहातावर सरकी धरली. "हे काय आहे, सांगा बरं?" मग ती शांतता... खाटेवरच्या दादाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "स... स..."

"शाब्बास," पडद्यावरचा दादा हसून म्हणाला, "सरकी."

"बंद कर वं ते," वहिनी म्हणाली. मी भाग मागे नेला, प्रश्नावर थांबवला. आता हवा तेवढा वेळ होता. पण दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्यानंतर त्याने सराव केला नाही.

परवा दुकानात एक आजोबा गोळीचं नाव आठवत उभे होते. "ते... रक्ताची... नाही..." एरवी मी पटापट चार नावं सुचवते. मागच्या माणसाने पैसे पुढे केले. "ताई, त्याइचं होईस्तोवर मले तं द्या."

"थांबा जरा," मी म्हटलं.

आजोबांनी आठवायला डोळे मिटले. मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले.